‘आपल्याकडे हे असेच चालते’ असे सांगणाऱ्या कंपनीत राहावे की सोडावे?

प्रश्न : बर्फाची लादी (रत्नागिरी)

सप्रेम नमस्कार.

मी रत्नागिरीजवळच्या एका मत्स्यप्रक्रिया कंपनीत गेली सहा वर्षे गुणवत्ता नियंत्रण विभागात नोकरी करते. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर बरोबरीची मुले वेरावळला किंवा मुंबईला गेली. आईवडील इथे असल्यामुळे मी घरापासून अर्ध्या तासावरची ही नोकरी पत्करली आणि कामापुरते बोलायचे तर मला तिचा कधी पश्चात्ताप झाला नाही. कोळंबी, माकूल, बांगडा यांची आवक झाली की माशाच्या गाभ्याचे तापमान घेणे, उणे १८ अंशांच्या शीतगृहात माल जाण्यापूर्वी प्रत्येक खेपेचा नमुना तपासणे, परदेशी खरेदीदारांचे तपासनीस आले की त्यांच्यासमोर नोंदवह्या मांडणे, हे सारे माझ्याकडे आहे, आणि माझ्या सहीने गेलेला एकही कंटेनर आजवर परत आलेला नाही.

माझी तक्रार आहे ती कंपनीच्या रीतीभातींविषयी. कंपनी शेठजींच्या वडिलांनी काढली आणि कचेरीतील बहुतेक प्रथा त्यांच्या काळापासून तशाच चालत आल्या आहेत. महिलांचे हजेरीपत्रक वेगळे असते. बैठकीत मी बसलेली असेन, तर दाराबाहेर शिपाई उभा असूनही चहाच्या वेळी सर्वांच्या नजरा माझ्याकडे वळतात. मासेमारीबंदी संपून हंगाम सुरू झाला की नारळी पौर्णिमेला कारखान्यात पूजा होते. तिच्या आदल्या दिवशी लेखा विभागातील एक ज्येष्ठ बाई आम्हा मुलींना बाजूला घेऊन ‘कोणाला अडचण आहे का’ असे विचारतात, आणि जिला असेल तिने दुसऱ्या दिवशी रजा टाकायची असते, तीही स्वतःच्या शिलकीतली.

गेल्या ऑगस्टमध्ये उत्पादन पर्यवेक्षकाची जागा रिकामी झाली. ती माझ्यानंतर तीन वर्षांनी आलेल्या मुलाला मिळाली. थर्मामीटरची सुई माशात कुठे आणि किती खोल खुपसायची हे त्याला मीच शिकवले होते. मुलगा चांगला आहे, त्याच्याविषयी माझ्या मनात काही नाही. मी कारण विचारले तेव्हा व्यवस्थापक म्हणाले, ‘रात्री-अपरात्री बोटी लागल्या की धक्क्यावर जावे लागते. बाईमाणसाला कसे पाठवणार? शिवाय उद्या तुझे लग्न होऊन सासर ठाण्याला मिळाले, तर आम्ही काय करायचे?’ पुढे बोलता बोलता असेही कळले की बढतीच्या आधीपासूनच त्याचा पगार माझ्यापेक्षा चार हजारांनी जास्त होता, कारण ‘त्याला घर चालवायचे असते’. माझ्या घरचे वीजबिल आणि वडिलांची औषधे कोणाच्या पगारातून येतात, हे कोणी विचारले नाही.

आता जे लिहिते आहे ते लिहावे की नाही, याचा मी दोन दिवस विचार करत होते. आमच्या चहाच्या खोलीत कपाटात स्टीलचे पेले असतात, आणि त्याच बनावटीचे तीन पेले खिडकीच्या पट्टीवर उपडे घातलेले असतात. सांडपाण्याची टाकी आणि गटारे साफ करणारे तिघे त्यांतून चहा घेतात. असे करा म्हणून कोणी सांगितलेले मी ऐकले नाही, पाटीही कुठे नाही, पण सहा वर्षांत त्या पेल्यांनी खिडकीची पट्टी सोडलेली नाही. मे महिन्यात एकदा घाईत मी त्यांतला एक उचलून पाणी प्यायले. कोणी चकार शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर एक नवा चिनीमातीचा मग ठेवलेला होता आणि त्यावर माझ्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली होती.

नोकरी सोडावी, की इथेच राहून काही करावे? आणि करायचे झाले, तर गाव लहान असताना ते कसे करावे? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : जुना हिशेबनीस (चिपळूण)

ताई, लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत मी आस्थापना विभागात सव्वीस वर्षे काढली, म्हणजे तुम्हाला उत्तरे देणारी माणसे टेबलाच्या ज्या बाजूला बसतात, त्याच बाजूला मी बसत होतो. त्या बाजूला कशाची धास्ती वाटते, तेवढे सांगतो.

पगारातील फरकाबाबत कायदा सर्वांत स्पष्ट आहे. १९७६चा समान वेतन कायदा आता वेतन संहिता, २०१९ मध्ये सामावला गेला असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्या कलम ३ प्रमाणे एकाच मालकाकडे सारखे किंवा सारख्या स्वरूपाचे काम करणाऱ्यांना स्त्री-पुरुष म्हणून कमी-जास्त वेतन देता येत नाही, आणि फरक मिटवण्यासाठी जास्त असलेला पगार खाली आणण्याचीही मुभा नाही. तेव्हा आपल्यामुळे त्या मुलाचे नुकसान होईल, अशी शंका असेल तर ती सोडून द्या. ‘परवडत नाही’ हेही उत्तर चालत नाही. मुंबईतील मॅकिनन मॅकेन्झी या जहाज व्यवसायातील कंपनीने महिला लघुलेखकांना कमी पगार देण्याचे समर्थन करून पाहिले होते. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळताना आर्थिक अडचणीची सबबही मान्य केली नाही. फक्त मागणी तीन वर्षांच्या आत करावी लागते, हे लक्षात ठेवा.

बढतीचे प्रकरण अधिक अवघड आहे. नोकरीच्या अटींतही लिंगावरून भेद करू नये असे तेच कलम म्हणते, परंतु बढती कशामुळे नाकारली हे दाखवायला कागद लागतो, आणि या गोष्टी कागदावर येऊच दिल्या जात नाहीत. ‘ही जागा पुरुषासाठी’ असे टिपण सव्वीस वर्षांत माझ्या नजरेखालून एकदाही गेले नाही, तरी जागा कोणासाठी आहे हे शिपायापासून साहेबांपर्यंत सर्वांना ठाऊक असे. म्हणून माझे सांगणे एवढेच, की तोंडी आहे ते लेखी करायला लावा. दोन परिच्छेदांचे, अदबीचे, तक्रारीचा सूर नसलेले पत्र लिहा: ‘अमुक तारखेला आपण मला बढती न देण्याची पुढील कारणे सांगितलीत, माझी समजूत बरोबर आहे का, आणि या पदासाठी कोणते निकष लावले गेले, हे कृपया कळवावे.’ पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक विभागाचा शिक्का घ्या. व्यवस्थापकांनी चहा पिता पिता जे वाक्य सहज उच्चारले, त्याखाली सही करायला ते धजणार नाहीत, आणि त्यांची ती अडचण हाच तुमचा खरा आधार आहे. नियुक्तिपत्र आणि वेतनचिठ्ठी मिळत नसेल तर तीही याच पत्रात मागा, कारण नव्या संहितांनी दोन्ही देणे बंधनकारक केले आहे. मध्येच त्यांनी गुपचूप काही रक्कम वाढवून दिली, तर ती नाकारू नका. ‘माझी मूळ मागणी कायम ठेवून स्वीकारत आहे’ एवढे लिहून द्या.

एक गैरसमज मात्र नको. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक कंपनीत २०१३च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती असावी लागते आणि ती नसेल तर पन्नास हजारांपर्यंत दंड होतो, पण ती समिती लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी आहे. पगार आणि बढती घेऊन तिच्याकडे गेलात तर चार महिने फुकट जातील. त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणचे कामगार आयुक्तांचे कार्यालय आहे. वकिलाची गरज लागली, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे महिलांना उत्पन्नाची कोणतीही अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. हे ठाऊक नसल्यामुळे कितीतरी बायका दारातूनच परत फिरतात.

पूजेच्या दिवशीच्या रजेसाठी कलमे शोधत बसू नका. रजेच्या अर्जात कारणाच्या रकान्यात ‘कचेरीच्या सूचनेवरून’ असे लिहा आणि काय होते ते पाहा.

पेल्यांविषयी मी काही सांगत नाही. आमच्या कारखान्यातही ते होते आणि मी सव्वीस वर्षे ते पाहिले.

उत्तर २ : खाडीपलीकडची (वेंगुर्ले)

हिशेबनीस काकांनी सांगितलेला मार्ग बरोबर आहे, परंतु त्याची किंमत त्यांनी लिहिलेली नाही. मी एका काजू कारखान्याच्या कचेरीत जमाखर्च पाहत असे. असेच पत्र मी दिले आणि अकरा महिन्यांच्या फरकाची रक्कम मला मिळाली. त्यानंतर मात्र माझ्या टेबलाशी येऊन कोणी बोलेना. मालक माझ्या मुलाच्या शाळेच्या संस्थेचे पदाधिकारी होते, त्यांच्या भावाच्या दुकानातून आमचा किराणा येत होता, आणि वार्षिक जत्रेला मंदिराच्या पायरीवर पुन्हा तीच माणसे भेटत होती. मुंबईत कंपनीशी वाद झाला तर माणूस संध्याकाळी लोकलमध्ये बसून दुसऱ्या जगात जातो. इथे कंपनी आणि गाव एकच असतात. दोन वर्षे मी तग धरली आणि मग सोडले. पत्र दिल्याचा पश्चात्ताप होत नाही, पण अनुभवाचा दाखला आधी घेऊन ठेवायला हवा होता आणि सहा महिन्यांच्या खर्चाची तजवीज करायला हवी होती. शक्य असेल तर पत्रावर आणखी एकीची सही घ्या. एकटी बाई ‘भांडकुदळ’ ठरते. दोघी असल्या की तेच गाऱ्हाणे ठरते.

तुमच्या पूजेवरून आमचे हळदीकुंकू आठवले. दर जानेवारीत मालकीणबाई स्वतः येऊन सगळ्या बायकांना वाण देत. आमच्यातील एकीचे यजमान गेले होते. त्या दिवशी ती आतल्या खोलीत दार लोटून खतावणी लिहीत बसे. तिसऱ्या वर्षी मी स्वतःचे वाण घेऊन आत गेले, तर तिने हात मागे घेतला. ‘नको गो. फाल्या तुज्या घरात काय इपरीत झाला, तर नाव माजा येतला,’ असे म्हणाली. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि शासनाने त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींनाही तो कित्ता गिरवण्यास सांगणारे परिपत्रक काढले, तेव्हा मी ते छापून तिच्याकडे नेले होते. तिने ते वाचले, घडी घातली आणि खतावणीत ठेवून दिले.

उत्तर ३ : धक्क्यावरचा (रत्नागिरी)

दुसरी बाजू मांडतो, रागावू नये. मी अशाच एका कंपनीत व्यवस्थापक आहे. रात्री दोन वाजता बोटी लागतात तेव्हा धक्क्यावर उजेड नसतो, काही खलाशी प्यायलेले असतात, आणि मालाच्या वजनावरून बाचाबाची नेहमीची असते. तिथे एका मुलीला पाठवायचे आणि काही विपरीत घडले, तर जबाबदारी माझी असते, तिच्या आईवडिलांना तोंड मला दाखवायचे असते. तुमच्या व्यवस्थापकांच्या मनात दुष्टावा असेलच असे मला वाटत नाही. आणखी एक सांगतो. या जुन्या घराण्यांच्या कंपन्यांत टाळेबंदीच्या महिन्यांत घरी बसून पगार मिळालेली माणसे मला माहीत आहेत. मुलीच्या लग्नाला कागद न करता उचल मिळालेलीही माहीत आहेत. सगळे लेखी झाले, की हेही बंद होईल. ही देवाणघेवाण तोंडी आहे म्हणूनच चालते. पगारातील फरकाचे समर्थन मात्र मी करत नाही, तो चूकच आहे.

उत्तर ४ : पहाटेचा लिलाव (हर्णै)

धक्क्यावरचे साहेब, अंधार आहे हे मान्य, पण त्याच अंधारात पाटी घेऊन माल विकत घ्यायला कोण येते? आमच्या बंदरावर लिलावाच्या वर्तुळात निम्म्याहून अधिक बायका उभ्या असतात. त्या भाव पाडतात, शिव्या खातात, दुप्पट परत देतात आणि पाटी डोक्यावर घेऊन चालू लागतात. तुमच्याच कंपनीत कोळंबी सोलायला किलोमागे पैसे घेणाऱ्या बायका सकाळी किती वाजता येतात आणि कशा येतात, याची काळजी कोणी वाहिल्याचे मी ऐकलेले नाही. काळजी नेमकी पर्यवेक्षकाच्या खुर्चीपाशी येऊन जागी होते, हा योगायोग म्हणावा काय? दिल्लीत मद्यालयांत बायकांना नोकरीस मनाई करणारे १९१४च्या अबकारी कायद्यातील कलम सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये घटनाबाह्य ठरवले, तेव्हा तिथेही सुरक्षिततेचेच कारण पुढे केलेले होते, आणि बायकांना घरी बसवण्यापेक्षा कामाची जागा सुरक्षित करा, असाच त्या निकालाचा रोख होता. तो निकाल सरकारी कायद्याविषयीचा आहे, खासगी कंपनीला जसाच्या तसा लागू होत नाही, हे मला समजते. पण धक्क्यावर दोन दिवे आणि एक गाडी द्यायला निकालाची वाट कशाला पाहायची? २०२०ची व्यावसायिक सुरक्षा संहितासुद्धा संमती आणि सुरक्षिततेची व्यवस्था असेल, तर रात्रीचे काम बायकांना मोकळे करते. उचल मिळते हे खरे, पण उपकाराखाली दबलेला माणूस हिशेब मागत नाही, हेही तितकेच खरे.

उत्तर ५ : तळ्याकाठचा (महाड)

सगळ्यांनी पगारावर लिहिले आणि पेल्यांना बगल दिली, म्हणून हे लिहितो. हिशेबनीसांनी निदान तसे कबूल तरी केले.

अस्पृश्यता पाळणे हा संविधानाच्या अनुच्छेद १७ प्रमाणे आणि १९५५च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, हे सांगून मोकळे होता आले असते. पण मी महाडचा आहे, आणि ‘लेखी करून घ्या’ या उपायाची आमच्या गावात काय गत झाली, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबईच्या विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये तोच धागा धरून चवदार तळे खुले केल्याचा ठराव लिहिला. कागद दोन्हीकडे झाले. त्यानंतर तीन वर्षे तळ्यातले पाणी ज्यांना आधी मिळत नव्हते त्यांना नंतरही मिळाले नाही, आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंना घेऊन तळ्यावर गेले व ओंजळीने पाणी प्यायले, तेव्हा कुठे त्या ठरावाचा पहिला वापर झाला. त्यावर मारहाण झाली, पुढे दावा लागला आणि उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ मध्ये आला. ठराव कागदावर आल्यापासून चौदा वर्षे गेली.

तुमच्या खिडकीतील पेल्यांबाबत तर कागदच नाही, त्यामुळे मागण्यासारखेही काही नाही. ताई, तुम्ही घाईत एकदा त्यातून पाणी प्यायलात आणि कंपनीने एका रात्रीत मग आणून ठेवला, यावरून त्या पेल्यांचा अर्थ तिथे प्रत्येकाला नीट कळतो हे उघड झाले. मात्र तुम्ही पुढे जे काही कराल, ते त्या तिघांना विचारून करा. राग निघेल तो तुमच्यावर नव्हे, त्यांच्यावर निघेल, कारण त्यांचे कंत्राट बहुधा महिन्यामहिन्याचे असणार.

प्रश्नकर्तीचे पुढील निवेदन : बर्फाची लादी (रत्नागिरी)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सात आठवड्यांनी लिहीत आहे.

पत्र दिले. खाडीपलीकडच्या ताईंचे ऐकून अनुभवाचा दाखला आधी घेतला, आणि वेष्टन विभागातील एका सहकारी महिलेची दुसरी सही मिळवली. तिला त्यासाठी नवऱ्याशी दोन दिवस वाद घालावा लागला. प्रतीवर शिक्का मारताना आवक विभागातील गृहस्थ पत्र पुन्हा पुन्हा वाचत होते. त्यानंतर व्यवस्थापकांनी मला दोनदा बोलावून ‘आधी बोलायचे होतेस, घरचीच माणसे आपण’ असे समजावले. मी दोन्ही वेळा ‘हेच लिहून द्याल का’ असे विचारले आणि दोन्ही वेळा विषय हवामानाकडे वळला. लेखी उत्तर आजतागायत आलेले नाही. मात्र या महिन्यापासून वेतनचिठ्ठी मिळू लागली आणि तिच्यात ‘विशेष भत्ता’ या नावाने अडीच हजारांची एक नवी ओळ आली. हिशेबनीस काकांनी सांगितलेले वाक्य लिहून देऊन ती रक्कम मी स्वीकारली आहे. उरलेल्या दीड हजारांसाठी आणि मागच्या थकबाकीसाठी पुढच्या सोमवारी कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जाणार आहे. नोकरी तूर्त सोडलेली नाही.

पेल्यांविषयी त्या तिघांशी बोलले. त्यांपैकी वयाने मोठे आहेत ते म्हणाले, ‘आमच्या नावाने काही करू नका, तुम्हाला तहान लागली तर प्या.’ तेव्हापासून मी चहा खिडकीवरच्या पेल्यातूनच घेते, आणि त्या मगात पेने ठेवली आहेत. पहिले काही दिवस पेले कमी पडत. एकाला थांबावे लागे. मग शिपायाने आपण होऊन कपाटातला एक पेला काढला, धुतला आणि खिडकीच्या पट्टीवर उपडा ठेवला. आता तिथे चार पेले असतात.